रागीट ड्रायव्हर आणि त्याची माणसं

मागच्या महिन्यात एक काका तपासणीला आले होते. वय 66, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही. मी विचारलं, "छातीत काही त्रास?" काका म्हणाले, "काही नाही. हिला उगाच काळजी." काकू खाली बघत होत्या. काका ईसीजीसाठी आत गेले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "चार दिवस झाले, जिना चढताना मध्येच थांबतात, छाती चोळतात. विचारलं की अंगावर येतात, म्हणून मी गप्प बसले."

ईसीजीत बदल होते. त्याच दिवशी त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवलं, अँजिओप्लास्टी झाली. आज ते बरे आहेत. पण ते चार दिवस काही माझ्या मनातून जात नाहीत. माहिती घरातच होती, फक्त ती बोलायची सोय नव्हती.

मला मोटार शर्यतींचा जुना नाद आहे, त्यामुळे काकांना पाहून ए. जे. फॉइट आठवले. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचे हे ड्रायव्हर. इंडियानापोलिसची 500 मैलांची शर्यत त्यांनी 1961, 1964, 1967 आणि 1977 अशी चार वेळा जिंकली. चार वेळा जिंकणारे ते पहिलेच. त्यांच्या वेगाइतकाच त्यांचा रागही प्रसिद्ध होता. पहिल्या दोन विजयांच्या वेळी जॉर्ज बिगनॉटी हे त्यांचे मुख्य मेकॅनिक होते. दोघंही तापट, दोघांची भांडणं गाजलेली. शेवटी ही जोडी तुटली. पुढे बिगनॉटींनी दुसऱ्या ड्रायव्हरांना जिंकून दिलं. म्हणजे रागापायी फॉइटनी आपला एक उत्तम माणूस प्रतिस्पर्ध्यांच्या हाती दिला.

1982 सालचं एक दृश्य शर्यतीचे शौकीन अजून विसरलेले नाहीत. फॉइट 47 वर्षांचे होते. सुरुवातीलाच शेजारची गाडी त्यांच्या गाडीवर आदळली. मेकॅनिकांनी धावपळ करून गाडी पुन्हा उभी केली. मग गिअरने दगा दिला. फॉइट गाडीतून उतरले, हातोडी घेतली आणि स्वतःच गिअरवर घाव घालू लागले. गाडी काही शेवटपर्यंत गेली नाही.

त्या क्षणी शरीरात काय होत असेल? शर्यत चालवताना ड्रायव्हरच्या हृदयाचे ठोके बराच वेळ मिनिटाला दीडशेच्या आसपास किंवा वर राहतात. गाडीत उष्णता, घामावाटे पाणी जातं, मान आणि हात सतत ताणलेले. हृदयाची कमाल गती ढोबळमानाने 220 वजा वय अशी धरतात. विशीत ती 195 च्या वर असते, पंचावन्नाव्या वर्षी साधारण 165. म्हणजे वय वाढतं तशी हाताशी असलेली शिल्लक कमी होते. त्यात राग आला की ॲड्रेनलिन वाढतं, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि रक्त गुठळी धरायला जास्त तयार होतं. तीव्र संतापानंतरच्या सुमारे दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढलेला असतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. ज्यांना आधीच हृदयरोग, रक्तदाब किंवा मधुमेह आहे, त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

पण रागाचं दुसरं नुकसान कुठल्याच तपासणीत दिसत नाही. आजूबाजूची माणसं बोलायची थांबतात. शर्यतीत चाकाचा नट नीट बसला नाही हे मेकॅनिकला दिसतं, ड्रायव्हरला नाही. तुमचा श्वास लागतो, पाय सुजतात, बोलताना शब्द अडखळतात, हेही बहुतेक वेळा आधी बायकोला, नवऱ्याला किंवा मुलांना दिसतं.

फॉइटना हे थोडं उमगलं असावं ते 1990 मध्ये. सप्टेंबरात विस्कॉन्सिनमधल्या शर्यतीत त्यांची गाडी रस्ता सोडून गेली आणि दोन्ही पाय वाईट जखमी झाले. वय 55. तिथे हातोडीचा उपयोग नव्हता. व्यायाम करून घेणाऱ्याने थांब म्हटलं की थांबायचं आणि उचल म्हटलं की दुखत असूनही पाय उचलायचा. पुढच्या मे महिन्यात ते इंडियानापोलिसला परतले आणि पात्रता फेरीत दुसरे आले! शर्यतीत मात्र गाडी लवकरच बाद झाली. 1993 मध्ये सरावात त्यांच्याच संघातल्या तरुण ड्रायव्हरची गाडी आदळली, आणि त्याच दिवशी त्यांनी निवृत्ती जाहीर केली.

राग मात्र निवृत्त झाला नाही. 1997 मध्ये टेक्सासच्या शर्यतीत आपलाच ड्रायव्हर जिंकला या समजुतीत संघमालक फॉइट जल्लोष करत होते. आरी लायंडाइक हा ड्रायव्हर तिथे येऊन म्हणाला, मी जिंकलोय. बासष्ट वर्षांच्या फॉइटनी त्याच्यावर हात उचलला. नंतर नोंदी तपासल्या तेव्हा लायंडाइकच जिंकला होता. 2014 मध्ये फॉइटवर हृदयाची बायपास झाली. ती रागामुळेच झाली, असं मी म्हणणार नाही. हृदयरोगाला अनेक कारणं असतात.

आता तुमच्याबद्दल. अलीकडे चिडचिड वाढली असेल तर तिला फक्त 'स्वभाव' म्हणून सोडून देऊ नका. अपुरी झोप, जुनं दुखणं, थायरॉइडचा विकार, मधुमेहाच्या औषधाने साखर खाली जाणं, आणि उतारवयातलं नैराश्य, ही सगळी चिडचिडीतून दिसू शकतात. मधुमेह असेल आणि अचानक घाम येऊन, हात थरथरून राग आला, तर आधी साखर तपासा. आणि घरच्यांना एक परवानगी स्पष्ट शब्दांत द्या: "माझ्या तब्येतीत काही वेगळं दिसलं तर मी ओरडलो तरी सांगायचं."

घरच्यांनो, तुम्हीही गप्प राहू नका. समोर बोलता येत नसेल तर चिठ्ठी लिहा, डॉक्टरांना फोन करा. छातीत दाब, दम लागणं, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, यांपैकी काही दिसलं तर कुणाच्या रागाची वाट बघू नका, थेट रुग्णालय गाठा.

ते काका परवा पुन्हा आले होते. अजून चिडतात. पण रक्तदाबाची वही आता काकूंच्या हातात असते, आणि मी प्रश्न विचारला की काका आधी त्यांच्याकडे बघतात.