तोंडाचं वजन

मे महिना आला की आमची लगीनघाई सुरू होते. वळवाच्या पहिल्या सरीत एखाद्या गुलमोहराची फांदी उभ्या गाडीवर आली, की पुण्यातल्या सोसायट्यांचे फोन वाजायला लागतात ते जून संपेपर्यंत. झाडांच्या छाटणीचं काम मी एकोणीस वर्षं करतोय. पहिली दहा-अकरा वर्षं आमची हत्यारं एका गोणीत मावायची : दोन कोयते, दोन करवती आणि दोर. बाकी सगळी भिस्त मामांवर.

मामा नात्याने माझे कोणी नव्हेत. मुळशीकडचे. लहानपणी आंबे-जांभळं उतरवायला चढायचे, पुढे तेच पोटापाण्याचं झालं. रेन ट्रीच्या आडव्या फांदीवरून ते चालत निघाले की घाम खाली दोर धरलेल्या माझ्या तळहातांना यायचा. एका मे महिन्यात सप्तपर्णीवरून उतरताना त्यांचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, चढणं कमी करा. त्या रात्री मी कामाची वही काढून मागची दोन वर्षं चाळली. निम्म्याहून जास्त फांद्या जमिनीपासून दहा-बारा फुटांवरच्या होत्या. कुठे फाटकावर झुकलेल्या, कुठे रस्त्याच्या दिव्यापुढे आलेल्या, कुठे शाळेच्या बसच्या टपाला घासणाऱ्या. तेवढ्यासाठी मी या माणसाला रोज झाडावर चढवत होतो. पोल सॉ, म्हणजे लांब दांड्यावरची चेनची करवत घ्यायची, हे तेव्हा ठरलं.

पहिलं मशीन मी एकट्याने जाऊन घेतलं, आणि तिथेच चुकलो. गवत कापायच्या इंजिनाला पुढे वेगवेगळी तोंडं लावता येतात, तसला तो संच होता. गवताचं पातं, कुंपणाचं कटर आणि लांब दांड्यावरची चेन, सगळं एकाच पैशात. गवत त्याने छान कापलं. वर धरलं की मात्र मधला सांधा खुळखुळायचा, हादरा कोपरापर्यंत यायचा आणि दुपारपर्यंत बोटं बधिर व्हायची. ऐन हंगामात चेन तुटली आणि त्या मापाची चेन कुठे मिळेना. सतरा दिवस मशीन पडून राहिलं आणि मामा पुन्हा झाडावर. तेव्हापासून किंमत विचारायच्या आधी मी चेन, ती जिच्यावरून फिरते ती पट्टी म्हणजे बार, आणि तिला फिरवणारं दातेरी चाक म्हणजे स्प्रॉकेट दाखवायला सांगतो. कपाटातून काढून हातात ठेवणारा दुकानदार मला चालतो. मागवून देतो म्हणणाऱ्याकडून मी मशीन घेत नाही, मग ते कितीही चांगलं असो.

दुसऱ्या वेळी मामांना बरोबर नेलं. दुकानदाराने कागद पुढे केला. दांडा लांबवता येणारं मशीन, वजन साडेसात किलो, लांबी पावणेनऊ फुटांपासून पावणेतेरा फुटांपर्यंत. मामांनी कागदाकडे पाहिलं नाही.

"एकूण वजन नको सांगू दादा," ते म्हणाले, "तोंडाचं वजन सांग."

ते काय विचारतायत हे दुकानदाराला कळलं नाही, मलाही लगेच कळलं नाही. मामांनी पट्टा अंगात अडकवला, दांडा पूर्ण लांब केला आणि बाहेर येऊन बंद मशीन एका कडुलिंबाच्या फांदीजवळ अधांतरी धरलं. फांदीला टेकवलं नाही. मला म्हणाले, घड्याळ बघ. दीड मिनिटात टोक थरथरायला लागलं. मग त्यांनी दुसरं मशीन घेतलं. हे न लांबणारं, साडेनऊ फुटांचं, मधोमध दोन तुकडे होणारं. त्याचं टोक चार मिनिटं हललं नाही. कागदावर दोन्हींच्या वजनात फरक किलोभराचा. पण मागे इंजिनात असलेला किलो खांद्यावरचा पट्टा उचलतो. टोकाशी असलेला पाव किलो हातांनाच सोसावा लागतो, आणि दांडा जितका पुढे सरकेल तितका तो जड होत जातो. आम्हाला तर हे दिवसातून शंभर-दीडशे वेळा वर करायचं होतं.

दुकानदार वरच्या तीन फुटांसाठी फार बोलला. या मशीनने सतरा फुटांपर्यंत हात पोचतो, म्हणाला. पोचतो, पण दांडा सरळ उभा धरला तर. आणि दांडा उभा धरला की माणूस फांदीच्या बरोबर खाली उभा राहतो. जमिनीशी साठ अंशांपेक्षा जास्त उभा दांडा धरायचा नाही, हा या कामाचा पहिला नियम. त्या कोनात साडेनऊ फुटांचा दांडा सव्वाआठ फूट वर जातो. त्यात कमरेची साडेतीन फूट उंची मिळवा, पावणेबारा फूट झाले. आणि माणूस फांदीच्या खालून पावणेपाच फूट बाजूला राहतो. त्या पावणेपाच फुटांसाठीच मशीन घ्यायचं असतं, असं मी आता नव्या पोरांना सांगतो. आमच्या वहीतल्या बहुतेक फांद्या तेवढ्या उंचीत बसत होत्या. आम्ही ते लहान मशीन घेतलं. दोन तुकडे केल्यावर ते छोटा हत्ती टेम्पोच्या हौद्यात आडवं मावतं, हा आणखी एक फायदा.

मशीन चांगलं मिळालं म्हणून काम चांगलं होतं असं नाही. पहिल्याच आठवड्यात मी गुलमोहराची मनगटाएवढी जाड, लांब फांदी एका दमात वरून कापायला घेतली. अर्ध्यावर ती वाकली, चेन चिमटीत अडकली, आणि फांदी खाली येताना खालच्या अंगाची साल खोडापर्यंत सोलत आली. दांडाही हातातून ओढला गेला. कुणाला लागलं नाही, दांडा वाकला तो बदलता आला. पण खोडावरची ती हातभर लांब जखम मी अजून येता-जाता बघतो. महाराष्ट्राच्या 1975 च्या झाडांच्या कायद्यात झाड तोडणं याच्या अर्थात त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणंही धरलेलं आहे. म्हणून तर साध्या छाटणीलाही आम्ही आधी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी काढतो. परवानगी छाटणीची होती, सोलण्याची नव्हती. आता फांदी शेंड्याकडून तुकड्या-तुकड्यांनी उतरवतो. जाड तुकडा असेल तर आधी खालून थोडा काप, मग जरा बाहेरच्या बाजूने वरून. खालून कापताना चेन मशीनला आपल्याकडे ढकलते, वरून कापताना फांदीकडे ओढते. हे हाताला माहीत व्हायला हंगाम जातो. शेवटचा काप फांदी खोडातून निघते तिथल्या फुगीर कड्याच्या बाहेरून घ्यायचा, कारण जखम भरून येते ती त्या कड्यातून. खालून ते कडं नीट दिसत नाही. म्हणून बार दहा इंचांचा आणि चेन बारीक घ्यावी असं माझं मत झालंय. मोठ्या बारने कडं हमखास कापलं जातं.

तारांबद्दल एकच सांगतो. दांडा ॲल्युमिनियमचा असतो. कार्बन फायबरचा हलका मिळतो, पण वीज त्यातूनही वाहते. मशीनबरोबरच्या पुस्तकात तारांपासून पंधरा मीटर लांब राहा असं लिहिलेलं असतं, आणि पुण्याच्या गल्लीत पंधरा मीटरांत तार नाही अशी जागा मिळणं कठीण. अशा ठिकाणी वीज कंपनीकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय आम्ही मशीन गाडीतून काढत नाही. यावरून दोन मोठी कामं हातची गेली. तरी नियम बदलला नाही.

तीन वर्षांपूर्वी बॅटरीचं मशीन घेतलं. दोन बॅटऱ्या धरून ते महाग पडलं. पण या कामात दहा सेकंद कापायचं आणि दोन मिनिटं फांदी ओढून बाजूला करायची असं चालतं. पेट्रोलचं इंजिन ती दोन मिनिटं धडधडत राहतं, नाहीतर परत दोरी ओढावी लागते. बॅटरीचं नुसतं थांबतं. लिटरभर पेट्रोलमध्ये वीस मिलिलिटर ऑइल मोजून घालायची कटकट नाही. दवाखान्याच्या आवारात, दुपारी म्हातारी माणसं झोपलेली असतात अशा सोसायटीत, मी तेच नेतो. रेन ट्रीच्या जुन्या लाकडाला मात्र अजून पेट्रोलचंच लागतं.

मामा आता क्वचितच चढतात. कामावर पोचलं की आधी झाडाला एक फेरी घालतात आणि फांद्या वाटून देतात. ही मशीनची, ही मशीनची, ही दोराची. दोराची म्हणाले की माझा भाचा चढतो आणि मामा खाली दोर धरतात. संध्याकाळी चेन काढून ते छोटा हत्तीच्या फाळक्यावर बसतात, 4 मिलिमीटरची गोल कानस घेऊन. डावीकडच्या प्रत्येक दाताला तीन हात, उजवीकडच्या प्रत्येकाला तीन. तेवढा वेळ त्यांच्याशी कुणी बोलत नाही, कारण मोजणी चुकली की उद्या चेन एका अंगाला ओढते.