फळ्यावरची अळी, परसातली अळी

बत्तीस वर्षे मी प्राथमिक शाळेत शिकवले. अंडी, अळी, कोष आणि फुलपाखरू ही आकृती दरवर्षी रंगीत खडूंनी फळ्यावर काढली. परंतु खऱ्या अळीशी गाठ पडली ती निवृत्तीनंतरच. वसईला आमच्या घरामागे आजोबांची केळीची वाडी होती. तिच्यातली विहिरीलगतची चार पावले रुंद पट्टी तेवढी आता उरली आहे. गतवर्षी पाऊस सरल्यावर तिथे मी वांग्याची सहा रोपे आणि चवळीची एक ओळ लावली.

महिन्याभरात चवळीचे कोवळे शेंडे माव्याने काळे पडले. पाने हाताला चिकट लागू लागली आणि वेलांवर मुंग्यांची रीघ लागली. मुंग्या कीड खात असाव्यात, अशी माझी भाबडी समजूत! वस्तुतः माव्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसासाठी त्या त्याची राखण करीत असतात. त्याच सुमारास माव्याच्या गर्दीत काळपट, काटेरी, पाठीवर नारिंगी ठिपके असलेल्या अळ्या फिरताना दिसल्या. जणू सुसरीची इवलीशी पिले. त्यांचे ते रूप पाहूनच मला शिसारी आली. सगळ्या अनर्थाचे मूळ याच, असे ठरवून मी त्या चिमट्याने वेचल्या आणि साबणाच्या पाण्यात बुडवल्या. मोजून एकेचाळीस. सायंकाळी कुंपणापलीकडच्या वाडीवाल्या काकांना मी ती वाटी मोठ्या अभिमानाने दाखवली.

काकांनी वाटीत बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, “बाई, ही तर ढालकिड्याची पोरं. मावा खायला आली होती.”

लाल, ठिपकेदार ढालकिडा मला ठाऊक होता. मुलांकडून त्याचे चित्रही मी रंगवून घेतले होते. पण त्यालाही बालपण असते आणि ते असे कुरूप असते, हे माझ्या फळ्यावर कधी आलेच नव्हते. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. कुणाला हे हास्यास्पद वाटेल.

पुढे काकांच्या सांगण्याप्रमाणे वागले. माव्याने भरलेले शेंडे खुडले, उरलेले पाण्याच्या धारेने धुतले. कुटलेली ५० ग्रॅम निंबोळी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण मिसळून सायंकाळी फवारली. वांग्याला मात्र फवाऱ्याचा फारसा उपयोग नाही. मुळाशी ओल असूनही शेंडा मान टाकतो, तेव्हा अळी आत शिरलेली असते. तो शेंडा कापून जाळावा लागतो. मी कापलेले शेंडे आधी झाडाखालीच टाकत होते, हा आणखी एक अडाणीपणा. अळी त्यातून निघून पालापाचोळ्यात कोष करते. पहिल्या तोडीच्या अकरा वांग्यांपैकी चार किडकी निघाली. किडका भाग काढून तीही शिजवली.

यंदाच्या चवळीवर परवा, पानामागे, उभ्या पिवळ्या अंड्यांचा पुंजका दिसला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. त्या दिवशी वेलाला पाणी घातले ते अगदी बुडाशी, तांब्याने, हलकेच.