मार्कंड्याचा तो फोटो

मैत्रिणींनो, आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे आलात तर फोटो काढल्यावाचून राहवणारच नाही. मोहर्लीच्या फाटकातून ताडोबात शिरलं की साग, बांबू, चितळांचे कळप आणि नशिबात असेल तर वाघोबा! मग मूलवरून वैनगंगा ओलांडून मार्कंड्याला जावं. इथे नदी उत्तरेकडे वाहते आणि देवळाच्या भिंती कोरीव मूर्तींनी भरलेल्या आहेत. दोन दिवसांत तीन-चारशे फोटो सहज होतात.

आमचेही झाले होते. परवा सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, मार्कंड्याच्या जत्रेत मी नि ताई घाटावर बसलो होतो, तो फोटो दाखव गं." मावशी नुकत्याच गेलेल्या. मी दुपारभर शोधलं. मिळाला तो व्हॉट्सॲपवर आलेला, धूसर. त्यावर ना खरी तारीख, ना गाव. शेवटी भाचीने स्वतःच्या मोबाइलमध्ये त्या वर्षीच्या महाशिवरात्रीची तारीख टाकली आणि मूळ फोटो दोन मिनिटांत हजर! सासूबाई कितीतरी वेळ त्यावरून बोट फिरवत राहिल्या.

त्याचं असं आहे, प्रत्येक फोटोच्या पोटात एक चिठ्ठी असते. तारीख, वेळ आणि मोबाइलचं 'लोकेशन' चालू असेल तर ठिकाणही. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की ती चिठ्ठी गळून पडते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर टिकते. ताडोबात वाघ मोजायला झाडांना कॅमेरे बांधतात. पट्ट्यांवरून वाघ ओळखतात, पण तो कुठे नि कधी दिसला हे अशा नोंदींवरूनच ठरतं.

तारीख यंत्र लिहितं; माणसांची नावं मात्र आपणच लिहायची. विंडोजच्या संगणकावर फोटोवर उजवी कळ दाबा, 'प्रॉपर्टीज'मधल्या 'डिटेल्स'मध्ये 'टॅग्ज' हा रकाना आहे. तिथे 'मार्कंडा; सासूबाई; मावशी' असे शब्द भरा. डब्याच्या झाकणावर चिठ्ठी लावली तर झाकणं बदलतात, पण हे शब्द फोटोतच राहतात. मात्र एका गावाचं नाव नेहमी एकसारखंच लिहा. एकदा 'मार्कंडा' नि एकदा 'मार्कंडेश्वर' लिहिलंत तर अर्धे फोटो हुकायचे. कॅमेऱ्याचं घड्याळही निघण्यापूर्वी तपासा. आणि घरचे फोटो परक्यांना देताना ठिकाण काढून टाका, बरं का!

रविवारी तासभर बसा. शेजारी घरातलं वडीलधारं माणूस हवंच. फोटोतली नावं त्यांनाच ठाऊक असतात, आणि ती विचारायला उशीर करू नये.