पेटीतले आवाज

माणसाला फार मोकळीक मिळाली की त्याची पंचाईतच होते. घरात एकच भाजी असली की सगळे निमूट जेवतात. दहा वाट्या पुढे आल्या की हात आधी कुठे घालावा, हे कळेनासे होते. माझ्या पुतण्याचे नेमके असेच झाले.

तो गिटार वाजवतो. विजेच्या गिटारचा स्वतःचा आवाज डासाच्या गुणगुणीएवढा. त्याला अंग येते ते ॲम्प्लिफायरमुळे. १९६२ साली लंडनात सुरू झालेल्या मार्शलचा आवाज करकरीत, अमेरिकेतल्या फेंडरचा काचेसारखा स्वच्छ. पूर्वी एकेक आवाज म्हणजे एकेक जड खोका. आता त्या सर्वांची गणिताने नक्कल करणारी लहानशी पेटी मिळते. तिला डिजिटल मॉडेलर म्हणतात. तीत ॲम्प्लिफायर निवडा, स्पीकर निवडा, त्यापुढे मायक्रोफोन कुठे ठेवायचा तेही निवडा!

गेल्या कोजागिरीला रेवदंड्याच्या घरी त्याला आजीच्या भजनाला साथ करायची होती. माझी आई शहाऐंशी वर्षांची. आवाज सुतासारखा बारीक झालेला. "यंदा शेवटचंच म्हणते रे," असे ती म्हणाली होती. पोराने चार रात्री कानाला हेडफोन लावून एक भरजरी आवाज निवडला. तालमीला अंगणात तो मोठा केला मात्र, आजीचा सूर त्यात बुडाला. ती थांबली आणि हसून म्हणाली, "तुझं आटपलं की सांग, मग मी म्हणेन."

याला शास्त्र आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवले, की आवाज हळू असला म्हणजे आपल्या कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो. म्हणून रात्री हळू ऐकताना माणूस खर्ज वाढवून ठेवतो, आणि आवाज मोठा केला की तोच अंगावर येतो.

पुतण्या काही बोलला नाही. त्याने सर्वांत साधा आवाज लावला, खर्ज उतरवला, घुमारा काढला, आणि माणसाचा गळा जिथे असतो ते मधले स्वर थोडे खाली आणले. आता बटण फिरवताना त्याची नजर पेटीवर नव्हती, आजीच्या तोंडावर होती.

"काका, आता ऐकू येतंय का?"

"तुझं फारसं नाही. तिचं येतंय."

"तेच विचारलं मी."

आवाज चांगला की वाईट, हे एकट्याने ऐकून ठरत नाही. तो कुणाच्या शेजारी उभा राहणार, यावर ते ठरते. भरल्या घरात बोलतानाही हेच खरे.

त्या रात्री आईने तीन भजने म्हटली. शेवटचे तेवढे यंदाच्या कोजागिरीवर ढकलले आहे.