बारा अंशांच्या पाण्यासाठी सूट

असीरगढच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला थंडीपेक्षा उन्हाची सवय जास्त. बुऱ्हाणपूरकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. किल्ल्यावर पावसाचं पाणी साठवणारं तळं आहे. अश्वत्थामा तिथे अंघोळ करून गुप्तेश्वर महादेवाला फूल वाहतो, असं आमच्याकडे घरोघरी सांगतात. त्यामुळे आजी तळ्याच्या काठावरही फिरकू द्यायची नाही. पाण्याखाली काय असेल, हा प्रश्न मनात घर करून बसला तो तेव्हापासून.

स्कूबा शिकले तारकर्लीला. तिथलं पाणी इतकं कोमट, की तीन मिलिमीटरचा सूट भरपूर होतो. मग नोकरीसाठी इंग्लंडात लेस्टरला आले आणि नॉर्थ सीमधल्या फार्न बेटांजवळचे करडे सील पाण्यात उतरून पाहायची इच्छा झाली. सप्टेंबरातही तिथलं पाणी बारा-तेरा अंश. ड्राय सूट महाग, शिवाय तो वापरायला वेगळं शिकावं लागतं. म्हणून सेमी-ड्राय घ्यायचं ठरवलं.

हा सूट ओला होतोच. मनगट, घोटे आणि मान इथे गुळगुळीत रबरी कडा असतात, चेनही पाणी अडवणारी असते. आत शिरतं ते थोडंसं पाणी, आणि ते आतच राहतं. ऊब मात्र त्या पाण्याने मिळत नाही, ती मिळते निओप्रीनमधल्या वायूच्या सूक्ष्म बुडबुड्यांमुळे. पाणी हवेपेक्षा वीसएक पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. आतलं पाणी सारखं बदलत राहिलं, तर सात मिलिमीटरची जाडीही काही कामाची नाही.

म्हणून दुकानात मी जाडी विचारली आणि बाकी सगळा वेळ मापाला दिला. पुरुषांच्या मापाचा लहान सूट पाठीच्या कण्याशी फुगत होता. तिथेच पाण्याचा पंप तयार होतो. बायकांसाठी बेतलेला घातला, तरी काखेत पोकळी राहिली. दुकानातल्या बाई स्वतः डायव्हर होत्या. त्यांनी मला उकिडवं बसवलं, हात डोक्यावर न्यायला लावले, मान दोन्हीकडे वळवायला सांगितली आणि खोल श्वास घ्यायला लावला. गळ्याची कडा आत दुमडून बसवली. ती फार आवळली तर मानेतल्या रक्तवाहिन्यांवर दाब येऊन चक्कर येऊ शकते, हे त्यांनी बजावून सांगितलं. शेवटी जो सूट घेतला तो चढवताना घाम फुटला, पण अंगावर कुठे सुरकुती नव्हती. जोडीला हूड आणि पाच मिलिमीटरचे हातमोजे घेतले. हूडवर काटकसर करू नये, असं माझं ठाम मत आहे.

आधी चाचणी घेतली स्टोनी कोवला. लेस्टरजवळची ही ग्रॅनाइटची जुनी खाण, आता पाण्याने भरलेली, तळ सुमारे 35 मीटरवर. एवढं निओप्रीन तरंगतं, त्यामुळे तारकर्लीपेक्षा बरंच जास्त शिसं कमरेला बांधावं लागलं. उतरताना मानेपाशी गार पाण्याची एक बारीक धार आली आणि थांबली. सहा मीटरवर मजेत होते. वीस मीटरवर मात्र थंडी जाणवू लागली. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे जवळजवळ निम्मे होतात. तीस मीटरवर ते चौथ्या हिश्शावर येतात. खोलवर सात मिलिमीटरचा सूट सात मिलिमीटरचा राहत नाही.

फार्नला आम्ही दहा मीटरच्या आसपासच होतो. केल्पच्या पानांमधून एक तरुण सील आला, माझ्या फिनचं टोक दातांत धरून ओढू लागला, सोडून गेला, पुन्हा आला. इतका वेळ मी निवांत राहू शकले, कारण अंगात हुडहुडी नव्हती. ती भरली बोटीवर आल्यावर, वाऱ्यात, ओल्या सुटावर. तिथे वारा अडवणारा लांब कोट हवाच.

आता कोणी विचारलं तर सांगते: बारा ते अठरा अंश आणि मध्यम खोली, एवढ्यासाठी नीट मापाचा सेमी-ड्राय उत्तम. पाणी दहाच्या खाली असेल, तर पैसे साठवा, ड्राय सूटचं प्रशिक्षण घ्या आणि मगच उतरा. आणि सूट कुठलाही असो, घालून पाहिल्याशिवाय विकत घेऊ नका.