कोणाची तू?

'स्टार वॉर्स' ही चित्रपटमाला आपल्या घरातील मुलांना किती मुखोद्गत आहे, याची अनेक पालकांना कल्पना नसेल. आम्हांला ती आहे. कारण रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहाच्या पायऱ्यांवर आमच्या खडकीच्या तरुण मंडळींत जो वाद रंगतो, तो ना क्रिकेटचा असतो ना निवडणुकीचा. दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी तो थोडा वेळ ऐकला आणि आम्हांला बाजूला घेऊन विचारले, "फादर, ही पोरं कुणाच्या वारसाहक्कावरून भांडताहेत?" प्रश्न भोळेपणाने विचारलेला होता, पण नेमका होता.

ज्यांनी हे चित्रपट पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जॉर्ज लुकास या अमेरिकन दिग्दर्शकाने निर्मिलेल्या या मालेतील पहिला चित्रपट २५ मे १९७७ रोजी प्रदर्शित झाला आणि २०१९ पर्यंत मुख्य कथेचे नऊ भाग पूर्ण झाले. कादंबऱ्या, चित्रकथा, दूरचित्रवाणी मालिका यांचा पसारा तर इतका वाढला की, प्रमाण काय मानावे आणि दंतकथा म्हणून काय बाजूला ठेवावे, हे कंपनीला २०१४ साली जाहीर करावे लागले. प्रमाण भागासाठी रूढ झालेला इंग्रजी शब्द आहे 'कॅनन'. पवित्र ग्रंथांच्या अधिकृत यादीसाठी ख्रिस्तसभा शतकानुशतके वापरत आली आहे, तोच हा शब्द. कथेतील मोकळ्या जागा आपापल्या तर्काने भरायच्या, पुरावे जमवायचे आणि प्रतिपक्षाला नामोहरम करायचे, हा या रसिकांचा आवडता उद्योग.

या उद्योगाला नाके मुरडण्याचा अधिकार आम्हां धर्मगुरूंना फारसा नाही. १९११ साली ऑक्सफर्डमध्ये रोनाल्ड नॉक्स नावाच्या तरुणाने शेरलॉक होम्सच्या कथांवर एक निबंध वाचला. बारीकसारीक विसंगती हेरून बायबलच्या ग्रंथांचे तुकडे पाडणाऱ्या पंडितांची ती थट्टा होती. त्याच गंभीर पद्धतीने नॉक्सने डॉक्टर वॉटसनच्या लेखनाची चिरफाड केली. लोकांना थट्टेपेक्षा पद्धतच अधिक आवडली आणि तो खेळ आजतागायत चालू आहे. हे नॉक्स १९१७ साली कॅथलिक झाले, १९१९ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली, आणि पुढे त्यांनी लॅटिन बायबलचे एकहाती इंग्रजी भाषांतर केले.

तर आता वारसाहक्काकडे वळू. १९८० च्या दुसऱ्या चित्रपटात काळ्या मुखवट्याचा खलपुरुष डार्थ व्हेडर, 'मीच तुझा पिता' असे नायक ल्यूकला सांगतो. पहिल्या चित्रपटात वृद्ध गुरू ओबी-वान याने तर ल्यूकला सांगितले होते की तुझ्या पित्याला व्हेडरने मारले. मग खोटे कोण बोलले? १९८३ चा तिसरा चित्रपट येईपर्यंत तीन वर्षे लोक यावर भांडले. व्हेडरला आवाज देणारे जेम्स अर्ल जोन्स यांनाही प्रथम ते वाक्य वाचून तो खोटेच बोलत असावा असे वाटले होते! गंमत अशी की, लेखिका ली ब्रॅकेट यांनी १९७८ साली लिहिलेल्या पहिल्या मसुद्यात ल्यूकचा पिता आणि व्हेडर या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. म्हणजे बाप कोण, हे खुद्द कथाकारांनीच वाटेत ठरवले. तिसऱ्या चित्रपटात ओबी-वान खुलासा करतो की, एका दृष्टीने पाहता आपले म्हणणे खरेच होते. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला 'मनात राखून ठेवलेले सत्य' या प्रकरणावर आम्ही जी डोकेफोड केली, तिच्या आठवणीने आम्हांला तेथे हसू आवरले नाही.

ओबी-वानचे काम करणारे सर ॲलेक गिनेस हे १९५६ साली कॅथलिक झाले, हे आपल्या वाचकांना ठाऊक असावे म्हणून सांगतो. त्याआधी फ्रान्समध्ये फादर ब्राउनच्या भूमिकेसाठी झगा घालून ते रात्री रस्त्याने चालले असता, एका अनोळखी लहान मुलाने त्यांना खरेच फादर समजून त्यांचा हात धरला आणि बडबडत तो त्यांच्यासोबत चालत राहिला. हा प्रसंग त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे.

पिता कोण, हा तर्क काही परदेशी मुलांचीच मिरास नाही. होळकर पूल ओलांडला की येरवड्याच्या बाजूला डेक्कन कॉलेज लागते. तेथे इरावती कर्वे शिकवीत. त्यांच्या 'युगान्त'मध्ये, धर्मराजाचा पिता यमधर्म नसून विदुरच असावा असा तर्क त्यांनी महाभारताच्याच आधाराने मांडला. विदुराच्या अंतसमयी तो योगबलाने धर्मराजाच्या देहात प्रवेश करतो, हा प्रसंग त्यांनी पुराव्यात घेतला आहे. ग्रंथ न मोडता ग्रंथाला प्रश्न कसा विचारावा, हे त्या प्रकरणातून शिकण्यासारखे आहे. पायऱ्यांवरच्या आमच्या वीरांना आम्ही ते वाचायला दिले, दोघांनी वाचले.

१९९९ साली कथा मागे गेली आणि ॲनाकिनच्या, म्हणजे पुढे व्हेडर होणाऱ्या मुलाच्या आईने सांगितले की याला पिता नाही. "फादर, हे आपल्याकडून उचललं ना?" असे मुले डोळे मिचकावून विचारतात. उचलले असेल, पण साम्य वरवरचे आहे. ॲनाकिनला पिता नाही म्हटल्याबरोबर रसिकांनी पिता शोधायला घेतला, आणि २००५ च्या चित्रपटातील एका संभाषणाच्या आधारे तो सम्राट पाल्पाटीनच्या किंवा त्याच्या गुरूच्या माथी मारला. संत मत्तय मात्र बेचाळीस पिढ्यांची वंशावळ योसेफापर्यंत आणतो आणि तिथे 'पिता' हा शब्द लिहीतच नाही. तरीही योसेफ मुलाचे नाव ठेवतो, आणि ते मूल त्याचे ठरते.

आता रे. हे मुलीचे नाव आहे. २०१५ च्या चित्रपटात ती वाळवंटी ग्रहावर भंगार वेचून जगते आणि आईबाप परत येतील म्हणून दिवस मोजते. दोन वर्षे जगभर तर्क चालले: ती ल्यूकची मुलगी, ओबी-वानची नात, आणखी कोणाकोणाची. २०१७ साली उत्तर आले: ती कोणाचीच नाही. आईबाप भंगारवाले होते आणि त्यांनी दारूच्या पैशांसाठी तिला विकले. अनेक रसिक खवळले. एवढे सामर्थ्य अंगी असलेली मुलगी कुळाशिवाय कशी, हे त्यांना पटेना. २०१९ साली कथाकारांनी माघार घेतली आणि ती सम्राट पाल्पाटीनची नात ठरली. आमच्या मते या मालेतील ही सर्वांत भित्री माघार होय.

आमचे मत इतके ठाम असण्याचे कारण पडद्यावर नाही. आमच्या तरुण मंडळीत एक परिचारिका आहे. व्रतस्थ भगिनींच्या आश्रमात ती वाढली. तिच्या स्नानसंस्काराच्या नोंदीत आई आणि वडील, दोन्ही रकाने कोरे आहेत. कायदा तसेच सांगतो: कलम ८७७ प्रमाणे पालकत्व सिद्ध नसेल तर केवळ मुलाचे नाव लिहावे, तर्क लिहू नये. ख्रिस्तसभेने नेहमीच इतका संयम पाळला असे नव्हे. १९१७ च्या संहितेनुसार अनौरस पुत्राला सवलत मिळाल्यावाचून सहसा गुरुदीक्षा घेता येत नसे. १९८३ च्या संहितेने ते कलम काढून टाकले. तोवर किती मुले मागच्या दाराने परत गेली असतील!

गतवर्षी या मुलीचे लग्न जवळजवळ ठरले होते. मुलाकडचे एक वडीलधारे आम्हांला भेटायला आले. मुलगी गुणी आहे, कमावती आहे, प्रार्थनेला येते, हे सर्व त्यांनीच आम्हांला सांगितले. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी हळूच विचारले, "पण फादर, मूळ?" आम्ही म्हणालो, ती या धर्मग्रामाची मुलगी आहे. त्यांनी मान डोलावली, चहा घेतला, आणि पुन्हा विचारले, "ते झालंच. पण मुळात कोणाची?" आमच्याकडे दुसरे उत्तर नव्हते, आणि असते तरी दिले नसते. पंधरा दिवसांनी नकार आला. निरोप तिला आम्हीच सांगितला. तिने रात्रपाळी असल्याचे सांगून निरोप घेतला.

मे महिन्याच्या सुट्टीत मंडळींनी सभागृहात सर्व नऊ चित्रपट क्रमाने पाहिले. शेवटचा संपल्यावर नेहमीची जुंपली. अखेरच्या दृश्यात रे 'स्कायवॉकर' हे आडनाव लावते. रक्ताचे नाते नसताना तिला तो हक्क काय, असे एका बाजूचे म्हणणे. गुरूंनी स्वीकारले म्हणजे झाले, असे दुसऱ्या बाजूचे. ही मुलगी एरवी वादात पडत नाही. त्या दिवशी ती खुर्च्या आवरता आवरता म्हणाली, "ती जनावर घेऊन चाललेली म्हातारी पाहिलीत का, फादर? चहूकडे वाळू, माणूस नाही काणूस नाही. हिनं नाव सांगितलं, रे. तेवढ्यावर भागलं नाही तिचं. आडनाव विचारलंच."

मुले मोठ्याने हसली. खडकी बाजारातली आपली आजीही अगदी असेच विचारते, असे एकाने सांगितले. मग कोणीतरी म्हणाले, ती म्हातारी साधी नसणारच, ती नक्की कोणाची तरी कोणीतरी असेल. आणि खुर्च्या तशाच टाकून सगळे पुन्हा भांडू लागले. उरलेल्या खुर्च्या आम्ही दोघांनी आवरल्या.