आजोबांची ऐरण

मुलीने चांदीकाम शिकायला घेतले आणि ऐरण मागितली. अस्मादिक मराठीचे प्राध्यापक. आमची ऐरणीशी ओळख ती कवितेतलीच! भोरच्या बाजारात एक पसंत केली. रंग झकास, किंमत बेताची. शेजारच्या म्हाताऱ्या सोनारकाकांनी तिच्यावर हातोडी हलकेच सोडली. बद्द आवाज आला.

"बिडाची आहे, मास्तर. पोलादी ऐरण खणखणते, हातोडीला वर उडवते. आणि माथा कसा आरशासारखा हवा. त्यावरचा ओरखडा चांदीवर उमटतो."

तेव्हा आठवली ती वेल्ह्याच्या घरी माळ्यावर पडलेली आजोबांची ऐरण. १९६३ साली सुवर्णनियंत्रण आले, १४ कॅरटांहून चोख सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली आणि आजोबांचे हात थांबले. ऐरण मात्र त्यांनी मोडीत घातली नाही.

तसेच वेल्हे गाठले. ऐरण खाली काढून ठोकली. खणखणली! पण माथ्यावर गंजाचे बारीक खळगे. घासावे, तर आजोबांच्या हातोडीच्या खुणाही जाणार. मी घुटमळलो.

"बाबा, पणजोबांनी असल्या माथ्यावर काम केलं असतं?" म्हणत मुलीने पॉलिशपेपर पाण्यात बुडवला.